काकड्याला पहिल्यांदा बसताना

पहाटे साडेचारला देवळात पोचलात आणि तिथे चारच डोकी दिसली, त्यातलंही एक घोंगडीत गुरफटून पेंगतंय, तर चुकीच्या दिवशी आलो असं समजून परत फिरू नका. काकडा, म्हणजे पहाटे देवाला उठवायचं भजन आणि आरती, असाच सुरू होतो. पाच वाजेपर्यंत आणखी दहाजण येतात, गौळणी लागल्या की धारा काढून झालेले येतात, आणि आरतीला तर दात घासता घासता आलेली पोरंसुद्धा असतात. पहिल्यापासून हजर असलेल्यांना कुणी वेगळा मान देत नाही. पण गाणं कसं चढत जातं हे फक्त त्यांनाच ऐकायला मिळतं, म्हणून नवख्यानं निदान पहिले काही दिवस तरी आधी पोचावं.

शहरातून गावी आलेले, लग्न होऊन नव्या गावात आलेल्या, निवृत्तीनंतर पहाटे जाग येतेच म्हणून निघालेले, अशांसाठी हे लिहितोय. फोनवर काकडआरती ऐकणं वेगळं आणि गारठलेल्या फरशीवर बसून ती म्हणणं वेगळं.

कधी आणि का

पंढरपुरात विठोबाला रोजच काकड्यानं उठवतात. गावोगावच्या विठ्ठल-मारुतीच्या देवळांत मात्र काकडा महिनाभराचा. बहुतेक ठिकाणी कोजागरीला बसतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला उठतो. आषाढी एकादशीला निजलेला देव कार्तिकी एकादशीला जागा होतो, आणि त्याच सुमाराला हा महिना येतो, त्यामुळे उठवण्याची गाणी याच दिवसांत जोरात. शेतातली कामंही थोडी हलकी झालेली असतात असं म्हणतात. ज्वारीच्या पट्ट्यात राहणारा कुणी हे ऐकून हसेल.

काही गावं दोन-चार दिवस इकडेतिकडे करतात. म्हणून कॅलेंडर बघण्यापेक्षा पुजाऱ्याला किंवा भजनी मंडळातल्या कुणाला विचारा. विचारताना दोन गोष्टी एकदमच विचारून घ्या: देवळाचं दार किती वाजता उघडतं, आणि काकडा कोण म्हणतं. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ज्या बुवांचं नाव सांगतील त्यांना आदल्या दिवशी गाठून ‘उद्यापासून येऊ का’ एवढं म्हणायचं. नको कुणीच म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी अंधारात तुमचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटतो आणि शेजारी जागा मिळते.

आदल्या रात्री

गजर चारचा लावा. अंगात स्वेटर असला तरी वरून शाल किंवा उपरणं घ्या, पायांवर टाकायला कामाला येतं. आंघोळ करूनच बसायची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. एखाद्या दिवशी जमलं नाही तर हातपाय धुऊन मागे बसा, कुणी हाकलत नाही.

काकडा भजनाची छोटी पुस्तकं पंढरपूर, आळंदी, देहूच्या कुठल्याही दुकानात मिळतात. एक घ्या, पण त्यावर फार विसंबू नका. तुमच्या गावाचा क्रम आणि पुस्तकाचा क्रम जुळेलच असं नाही. शिवाय देवळातला तो एक दिवा समईच्या मागे असतो आणि अक्षर दिसत नाही. फोनचा टॉर्च लावून वाचणारा माणूस अख्ख्या रांगेच्या डोळ्यांत प्रकाश मारतो. मी हे केलेलं आहे, पुन्हा केलं नाही. त्यापेक्षा रोज दोन अभंग घरी पाठ करा. पंधरा दिवसांत अर्धा काकडा तोंडात बसतो.

आणखी एक गोष्ट बरोबर न्या, जी पुस्तकात लिहिलेली नसते: लिंबाएवढा मळलेल्या कणकेचा गोळा, ओल्या फडक्यात. कशासाठी ते पुढे येईल.

काकडा म्हणजे आधी वात

नवखे काकडा म्हणजे गाणंच समजतात. मुळात काकडा म्हणजे चिंधी पिळून केलेली जाड वात. जुनं, धुतलेलं सुती धोतर किंवा लुगडं फाडून त्याची पट्टी काढतात, घट्ट पिळतात आणि तुपात नाहीतर तेलात भिजवून पेटवतात. कापड शंभर टक्के सुतीच हवं. हल्लीच्या साड्यांत नायलॉन-पॉलिस्टर असतं. ते नीट जळत नाही, वितळतं, ठिबकतं आणि गाभारा काळ्या धुरानं भरतो. खात्री नसेल तर एक धागा घराबाहेर काडीनं पेटवून बघा: कागदासारखा वास आला आणि राख भुरभुरली तर सूत, कडक गोळी झाली तर ते कापड बाजूला ठेवा.

वात रात्रीच भिजत घालावी. ऐनवेळी भिजवलेली वात वरवर पेटते आणि दोन अभंगांत विझते. आरती हातात आली तर उपरण्याचं टोक आधी कमरेला खोचा.

या वातीचं रूपकही अभंगात आहे. तुकोबांच्या काकडआरतीत ‘बोध काकडा ज्योती’ असं येतं: वात म्हणजे बोध. पहिल्या आठवड्यात हे शब्द नुसते तोंडातून जातात. एके दिवशी समोर ती चिंधी फडफडत जळत असते आणि तेव्हा कळतं की कवीनं हे देवळात बसून पाहिलेलं आहे.

बसायचं कुठे

पहिल्याच दिवशी वीणेकऱ्याच्या शेजारी जाऊन बसू नका. गाणारे देवासमोर दोन रांगांत समोरासमोर बसतात किंवा उभे राहतात. एका बाजूनं चरण म्हणायचा, दुसऱ्या बाजूनं धृपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरायचं. तुम्ही धृपद धरणाऱ्यांत, शेवटच्या टोकाला. काही देवळांत बायका एका अंगाला आणि पुरुष दुसऱ्या अंगाला, काही ठिकाणी बायकांचंच भजनी मंडळ अख्खा काकडा चालवतं. जिथे जसं असेल तसं.

आत आल्यावर आधी देवाला, मग जमलेल्यांना नमस्कार. वारकरी एकमेकांच्या पायाला हात लावतात, वयाचा हिशोब न करता. सत्तरीच्या माणसानं वाकून तुमच्या पायाला हात लावला की संकोच होतो, मागे सरकावंसं वाटतं. सरकू नका, तुम्हीही वाका. हाक मारायला ‘माऊली’ पुरतं, नाव माहीत नसलं तरी अडत नाही.

वीणेबद्दल एक पथ्य पाळायचंच. गळ्यातली वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. एकानं काढायची, दुसऱ्यानं आपल्या गळ्यात घ्यायची, देताना-घेताना दोघांनी वाकायचं. कुणी ‘जरा धरा हो’ म्हणून तुमच्याकडे दिली तर घाबरू नका. तार छेडत राहिलं तरी चालतं, नाही छेडली तरी चालतं, फक्त खाली टेकवायची नाही.

क्रम

इथेच खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. काकड्यात एकामागून एक गाणी येतात ती कशीही लावलेली नाहीत. आमच्याकडचा क्रम साधारण असा: आधी मंगलाचरणाचे अभंग, म्हणजे ‘रूप पाहतां लोचनीं’ आणि ‘सुंदर तें ध्यान’. लय इतकी संथ की नवख्याला झोप यावी. आवाज खाली, टाळ जेमतेम वाजतात. मग उठवण्याचे अभंग, आणि त्यात एक बारीक गोष्ट ऐका: काही अभंग देवाला उठवतात, पण काही माणसांना. उठा, जागे व्हा, असं जे म्हटलंय ते समोर पेंगणाऱ्या तुम्हालाच. मग काकडा पेटतो, ओवाळणं होतं.

त्यानंतर भूपाळ्या. इथून चाली गोड व्हायला लागतात. होनाजी बाळाची ‘घनश्याम सुंदरा’ बऱ्याच देवळांत याच जागी म्हणतात. शाहिरीतली, लावण्यांच्या फडातली माणसं, आणि त्यांची भूपाळी विठ्ठलापुढे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्या भूपाळीत सडे, गोठे, पाखरं असं अख्खं घर जागं होत जातं. बाहेर खरोखर त्याच वेळी कुणाच्या तरी अंगणात खराट्याचा आवाज सुरू झालेला असतो.

मग येतात रूपकं: वासुदेव, आंधळा, पांगळा, बहिरा, मुका, जोगी. दारावर येणाऱ्या मागत्यांची सोंगं घेऊन संतांनी ही पदं लिहिली. मोरपिसांची उंच टोपी, हातात चिपळ्या आणि ‘दान पावलं’ म्हणत फिरणारा वासुदेव आता क्वचित दिसतो, पण काकड्यात तो रोज येतो. इथे लय चांगलीच उचलते. काही ठिकाणी म्हणणारा उठून दोन पावलं नाचतोही. नवख्यांना ही पदं सगळ्यात लवकर पाठ होतात, कारण शब्द बोलण्यातले आणि चाल उडती.

शेवटी गौळणी. दही, ताक, लोणी, घागरी, तक्रारी घेऊन यशोदेकडे आलेल्या बायका. तोवर दाराबाहेर झुंजूमुंजू झालेलं असतं. आरती, पसायदान, प्रसाद. विठ्ठलाला लोणी-खडीसाखर. तुम्हाला मिळेल ते बहुधा चिमूटभर साखर-खोबरं आणि कुणाच्या तरी किटलीतला चहा.

अंधार, दिवा, पाखरं, दारावरचा मागता, दूध-ताक. पहाट ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं गाणी लावलेली आहेत, आणि लय आणि पट्टीही त्याच चढावर. म्हणूनच मधली चार पदं फोनवर ऐकून काकड्याचा अंदाज येत नाही, आणि ‘वेळ कमी आहे, थेट गौळणी घेऊ’ असं कुणी म्हटलं की म्हातारे बुवा चिडतात. चिडणं रास्त आहे.

टाळ

पहिले तीन दिवस टाळ घेऊ नका, टाळी वाजवा. हे कमीपणाचं नाही. काकड्यातले बरेचसे अभंग आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात असतात. मनात एक ते आठ मोजत टाळी द्या आणि सम कुठे येते तेवढं ऐका. शब्दांचा जोर जिथे पडतो आणि मृदंगाचा भरीव ठोका जिथे येतो ती जागा सापडली की पुढचं सोपं.

मग टाळ. दोरी बोटांत गुंडाळून धरायची, टाळाची वाटी तळव्याला चिकटू द्यायची नाही. चिकटली की नाद मरतो. पहिल्या वर्षी थंडीमुळे मी लोकरीचे हातमोजे घालून बसलो होतो. जोर लावून वाजवत होतो आणि आवाज येत होता ‘थप, थप’, ओल्या चपलेसारखा. शेजारचे आजोबा दोन अभंग काही बोलले नाहीत. तिसऱ्याला म्हणाले, ‘मोजे काढ बाबा, टाळाला गुदमरायला होतंय.’

दोन्ही टाळ समोरासमोर सपाट आपटू नका. मधे हवा कोंडते आणि फटका वाजल्यासारखा आवाज येतो. एक किंचित तिरपा ठेवून कडेवर हलका घाव घालायचा आणि लगेच सोडायचा. जोरात वाजवायची खुमखुमी सगळ्यांनाच येते. नियम एकच लक्षात ठेवा: शेजाऱ्याचे शब्द ऐकू येईनासे झाले की तुमचा टाळ मोठा झालाय. आणि लय चुकली तर मधेच सुधारायच्या भानगडीत पडू नका, हात थांबवा, सम येऊ द्या, तिथून पुन्हा धरा.

आवाज, पट्टी आणि कणीक

पहाटेचा आवाज जड असतो. स्वरयंत्र अजून उठलेलं नसतं असं समजा. त्याच्याशी भांडायचं नाही. शास्त्रीय गाणारे पहाटे खर्ज भरतात ते याच जडपणाचा फायदा घ्यायला. वरचे सूर लागत नाहीत, पण खालचे छान भरतात. तुम्हाला गवई व्हायचं नसलं तरी देवळात निघण्याआधी पाच मिनिटं करून बघा: आपल्या सोयीच्या ‘सा’पासून एकेक सूर खाली उतरत जायचं, तोंड अर्धवट मिटून, प्रत्येक सुरावर श्वास पुरेल तेवढं थांबायचं. घसा खरवडायला लागला की तिथून वर यायचं. आधी कोमट पाण्याचे दोन घोट.

दिवसा उंच पट्टीत भजन म्हणणारे आमचे बुवा काकडा पेटीच्या काळी एकला सुरू करतात आणि वासुदेवापर्यंत दोन पट्ट्या वर चढवतात. पेटीवाल्याला ते सांगावं लागत नाही. तुमचा आवाज त्या पट्टीत बसत नसेल तर ओढून म्हणू नका, खालच्या सप्तकात गुणगुणा. बायकांची आणि पुरुषांची पट्टी जमत नाही ही अडचण सगळ्या देवळांत आहे आणि कुठेच नीट सुटलेली नाही.

आता कणीक. मृदंगाच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते, डाव्या तोंडावर दर वेळी ताज्या कणकेचा थर लावतात. त्यानंच तो खोल, घुमणारा आवाज येतो. कणीक कोरडी असेल तर वाजवताना गळून पडते, फार सैल असेल तर हाताला चिकटते. पहाटे पाचला कणीक शोधत बसण्यापेक्षा घरून गोळा आणणारा माणूस मृदंग्याला देवमाणूस वाटतो. दवानं चामडं सैल पडून उजवी बाजू उतरलेली असते आणि पेटीचा सूर मात्र जागच्या जागी असतो, म्हणून मृदंगी हातोडीनं ठोकत बसतात. त्या पाच मिनिटांत त्यांच्याशी बोलू नका. काकडा संपला की कणीक खरवडून काढायची असते. राहिली तर वाळून कडक होते आणि उंदरांचं फावतं. हे काम नवख्यानं मागून घ्यावं. मृदंग कसा असतो ते जवळून बघायला मिळतं.

भूपाळी आणि भूप

इथे बरेचजण घसरतात. भूपाळी म्हणजे पहाटे देवाला उठवायचं गाणं, आणि भूप म्हणजेच भूपाळी नावाचा राग तर रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. नाव एक, वेळ उलटी. त्यामुळे ‘पहाटेचं संगीत’ म्हणून राग भूप लावून ठेवाल तर जाणकार पाहुणा गालात हसेल. गंमत अशी की भूपाचेच पाच सूर, सा रे ग प ध, घेऊन सकाळी देशकार गातात. जोर गंधाराऐवजी (ग) धैवतावर (ध) येतो आणि संध्याकाळची सकाळ होते. दक्षिणेतला भूपालम् मात्र पहाटेचाच आहे, आणि त्या भूपालम्‌च्याच सुरांचा आपल्याकडचा भूपाल तोडीही सकाळचा.

कान तयार करायचा असेल तर भैरव, अहिर भैरव, ललत, रामकली यांपैकी एकच राग घ्या आणि आठवडाभर तोच ऐका. चारही एकदम ऐकलेत तर सगळे सारखेच उदास वाटतील. चौघांतही ऋषभ (रे) कोमल आहे, आणि उजाडतानाचं ते अर्धवट, ना धड अंधार ना धड उजेड असं वाटणं बरंचसं तिथून येतं. भातखंडे यांनी पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अशा रागांना संधिप्रकाश राग म्हटलं. ललतात तर पंचमच (प) नाही आणि दोन्ही मध्यम (म) लागोपाठ येतात. कुणी न सांगताही एकदा ऐकलं की ओळखता येतो. काकड्याला बसायला यातलं काहीच लागत नाही. पण महिनाभर बसल्यावर भैरव ऐकाल तेव्हा तो कोमल ऋषभ आपल्या बुवांच्या कुठल्या चालीत आहे ते आठवेल.

भोंगा

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. काकडा नेमका त्याच वेळेतला. यावरून गावोगाव वाद होतात आणि नव्या माणसाला बाजू घ्यायला लावतात. माझं मत विचाराल तर कर्ण्याशिवायचा काकडा चांगला. कर्णा लागला की एकजण म्हणतो आणि बाकीचे ऐकतात. तो नसला की सगळ्यांना म्हणावं लागतं, तुमच्यासारख्या शेवटच्या टोकाला बसलेल्यालाही. मंडळात कुणी नवा अँप्लिफायर घ्यायची वर्गणी मागायला आलं तर तेच पैसे सतरंजीला द्या.

देऊळ जवळ नसेल तर

शिकागोत, दुबईत किंवा बंगळुरूच्या अकराव्या मजल्यावर असाल तर अख्खा काकडा घरी उभा करायला जाऊ नका, चार दिवसांत सुटेल. तीन पदं निवडा: एक संथ अभंग, एक भूपाळी, एक गौळण. क्रम मोडू नका. तानपुऱ्याचं अॅप हळू आवाजात लावा, टाळाऐवजी मांडीवर बोटं. वीस मिनिटं पुरतात.

आणि देवळाच्याही आधी जागं होणारं एक गाणं घरातच होतं. जात्यावरची ओवी. त्याला टाळ नाही, मृदंग नाही, जात्याची घरघर हाच सूर आणि खुंट्याचा फेरा हाच ताल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. दिवसाला एक ऐका. काकड्याला येणाऱ्या आजीबाईंना तुम्हाला ओव्या आवडतात असं कळलं तर दोन त्यांच्याकडूनही मिळतील, मात्र चहाच्या वेळी विचारा, आरतीच्या घाईत नाही.

उठताना

त्रिपुरीच्या सुमाराला काकड्याची समाप्ती होते. दिंडी निघते, काल्याचं कीर्तन होतं, दहीकाला फुटतो, मग जेवणं. ‘तुमच्याकडून काय’ असं विचारायला कुणीतरी येईल. पैशापेक्षा वस्तू सांगितलेली बरी: पाच किलो गूळ, पत्रावळी, गॅसची टाकी. वाढायला उभे राहा. महिनाभर अंधारात शेजारी बसलेल्या माणसांचे चेहरे तुम्ही तेव्हा पहिल्यांदा उन्हात नीट बघाल, आणि एक-दोघांना ओळखणारही नाही. मग टाळ चिंचेनं घासायचे, कोरडे करायचे आणि जोड्या मोजून पोत्यात भरायचे. आमच्याकडे दर वर्षी एक टाळ एकटाच उरतो. त्याची जोडी कुणाच्या घरी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि पुढच्या कोजागरीपर्यंत कुणी मागायला जात नाही.